ओली नाळ

३ जुलै

चिरंजीव,

अक्षर शिंप्याचं आहे, बोलणं माझं. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. डॉक्टर म्हणतो, महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंकायचं सुद्धा नाही. मी म्हटलं, श्वास घेतला तर चालेल ना?

जहाज खोक्यातून काढलंस की आधी फासळ्या तपास. ट्रकवाल्याने आपटलं असेल तर एखादी निखळली असेल. कणा आणि फासळ्या मी पुऱ्या केल्यात. आता अंगावर फळ्या चढवायच्या, ते तुझं काम. तीनशे वर्षांपूर्वी हे जहाज तोफा घेऊन समुद्रावर फिरत होतं. आपला नमुना हातभर असला तरी संग्रहालयवाले भिंग लावून बघणार आहेत, हे ध्यानात ठेव.

मधल्या फळ्या सरळ बसतील. खरी परीक्षा नाळेपाशी. (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाणी चिरतं ते. शिंप्याला एवढं समजावताना माझा चहा गार झाला.) नाळेच्या फळ्या गरम पाण्यात भिजव, हळूहळू वाकव, दोऱ्याने आवळून बांध आणि विसरून जा. ओलं लाकूड आणि रुसलेली बायको, दोघांनाही घाईने छेडायचं नाही.

सूनबाईचे दिवस भरत आलेत. तिला जप.

बाबा

ता.क. मी शिंपी. मिस्त्री सांगतात ते सगळं लिहितो. शिव्या तेवढ्या गाळतो.


१४ जुलै

बाबा,

मी तुमची सून. नमस्कार करते. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका असतील त्या शिंपीकाकांनी सुधारून वाचाव्या.

मुलगी झाली, मागच्या आठवड्यात. फार बारीक आहे. दवाखान्यातली आया म्हणाली, बाई गं, ही तर मुंगी, साखर दिसली की पळत सुटेल. तेव्हापासून आम्ही तिला मुंगीच म्हणतो. नाक तुमच्यासारखं आहे असं हे म्हणतात. मला अजून नाक दिसलं नाही, नुसती दोन भोकं दिसतात.

हे काल गेले. मालाच्या बोटीवर सुतार म्हणून बोलावणं आलं. नाही म्हटलं असतं तर जागा दुसऱ्याला गेली असती. तीन महिने लागतील म्हणाले. तुमचं पत्र मला वाचायचं होतं तर खिशात घातलं आणि म्हणाले, त्यात सगळं जहाजाचंच आहे, तुला काय करायचंय. जायच्या दिवशी सकाळपर्यंत फळ्या चढवत होते. पुढच्या फळ्या वाकवून दोऱ्यांनी करकचून बांधल्यात आणि मला बजावलंय, हात लावलास तर बघ.

खोलीत टेबल एकच. त्यावर जहाज. मी खाली बसून जेवते. मुंगीची टोपली टेबलाच्या शेजारीच ठेवलीय कारण खिडकीचा वारा तिथे लागत नाही. वरून ते हिच्याकडे बघतं, खालून ही त्याच्याकडे बघते. दोघांच्याही फासळ्या दिसतात. घरात नाजूक अशा दोनच वस्तू आणि दोन्ही माझ्या गळ्यात. मला टेबल पुसायचं म्हटलं तरी घाम फुटतो. हिला अंघोळ घालायची म्हटलं तर पाण्यात दहा वेळा कोपर बुडवून बघते.

आई नाही मला, तुम्हाला माहीतच आहे. खाली मालकीणबाई राहतात. त्या म्हणतात आमच्या वेळी पोरं आपोआप वाढायची, आणि दार लावून घेतात. तुम्ही यांना एकट्याने वाढवलंत. मी काही विचारलं तर सांगाल ना?

तुमची सून


१७ जुलै

सूनबाई,

नात झाली! डोळ्यांना पट्टी असूनही उजेड पडला.

विचार की. बेधडक विचार. तुझ्या नवऱ्याची आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि मला लंगोट सुद्धा बांधता येत नव्हता. मी त्याला मऊ भुशावर निजवायचो. ओलं झालं की भुसा बदलायचा. तो सुतार झाला यात नवल ते काय! असल्या बापाच्या हातून तो जगला तर तुझ्या हातात तुझी पोर सुखात आहे.

आता कामाचं. पुढचं काम सुकलं का? दोरे सैल पडले का? माझे डोळे बांधलेले आहेत तोवर तूच माझे डोळे. जे दिसेल ते लिही, भिऊ नको.

बाबा

ता.क. मिस्त्रींनी गल्लीतल्या प्रत्येकाला हाका मारून नातीचं सांगितलं. डोळे बांधलेले असल्याने एकाच माणसाला चार वेळा सांगितलं. तो माणूस मी. – शिंपी


२० जुलै

बाबा,

तुमचं पत्र उशाशी ठेवलंय. विचार म्हणालात म्हणून लिहिते, लाजत नाही.

दूध पुरत नाही असं वाटतं. छातीत गाठी झाल्यात. ही तोंड लावते आणि सोडून देते, मग दोघी रडत बसतो. माझं अंगावरचं जाणं पण अजून थांबलेलं नाही. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि एक गोष्ट, कुणाला सांगू नका. परवा ही रडत होती आणि मी हिला तशीच ठेवून जिन्यात जाऊन बसले. वर जावंसंच वाटेना. वाटलं, कुणीतरी चांगली बाई यावी आणि हिला घेऊन जावी. मग आवाज थांबला तशी मी धावत वर गेले. झोपली होती. बाबा, मी वाईट आहे का? तुम्ही थोडे दिवस याल का इथे? डोळे बांधलेले असले तरी चालतील. मला नुसतं खोलीत कुणीतरी हवंय.

आणि नाळ अजून सुकली नाही. ओलीच आहे. जरा वास पण येतो. फडक्याला पिवळट डाग पडतो. मला तेव्हा सांगितलं असेल काय करायचं, पण माझं लक्ष नव्हतं. हात लावायची भीती वाटते, चुकून ओढली गेली तर? तशीच उघडी ठेवू का वरून काही बांधू? तेवढं लगेच कळवा.

तुमची सून


२३ जुलै

सूनबाई,

नाळेचं ऐकून बरं वाटलं. ओली आहे म्हणजे काम बरोबर चाललंय.

उघडी मुळीच ठेवू नको. वारा लागला की एकदम सुकते आणि चिरते, मग सगळं वाया. गरम पाण्यात फडकं बुडवून पिळ, नाळेला गुंडाळ आणि वरून पट्टी आवळून बांध. रोज पट्टीवरूनच थोडं पाणी शिंपड. पण सोडून बघू नको. बायकांना झाकण काढून बघायची भारी सवय. वासाचं मनावर घेऊ नको, ओल्याला वास असतोच. पिवळा डाग पडला तर पडू दे, आतला रस आहे तो. आठवडाभराने अशी घट्ट बसेल की कुणी ओढली तरी निघायची नाही.

बाकी तुझं सगळं ठीक आहे असं शिंपी म्हणतो. आनंद वाटला.

बाबा


२७ जुलै

बाबा,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. फडकं ओलं करून गुंडाळलं, वर पट्टी बांधली, पाणी शिंपडत राहिले. नाळ गळून पडते असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि तुम्ही म्हणता घट्ट बसेल. पण तुम्ही एक पोर वाढवलंय, मी एकही नाही. म्हणून तुमचं ऐकलं.

बाकीचं जे विचारलं होतं त्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. समजले मी. असलं सासऱ्याला लिहायचं नसतं.

बाबा, काल दुपारपासून हिचं अंग तापलंय. दूध ओढत नाही. रडत पण नाही, नुसती कण्हते. तिचं रडणं मला नको वाटायचं ना, आता मी तिला म्हणते, रड गं माझे आई, एकदा तरी रड.

तुम्ही सोडून बघू नको म्हणालात. तुम्हाला विचारायचं तर पत्र जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. मी थांबत नाही. मी पट्टी सोडली. बेंबीभोवती माझ्या तळहाताएवढं लाल झालंय, हात लावला तर चटका बसतो. वास सांगता येत नाही असा आहे.

हिला घेऊन दवाखान्यात निघाले. वाटेत पेटी लागते, त्यात हे टाकते. हिला काही झालं तर मी तुमच्याकडे परत तोंड करणार नाही. यांच्याकडे पण नाही.


तार, २९ जुलै

पट्टी सोड. ओलं काही लावू नको. आत्ता दवाखाना गाठ. मी जहाजाची नाळ समजलो. बाबा


२९ जुलै

सूनबाई,

तार केली ती मिळाली असेल. हे पत्र माझं, शिंप्याचं. मिस्त्री इथेच बसलेत.

आज तुमचं पत्र वाचायला लागलो. पट्टी बांधली, पाणी शिंपडलं, इथपर्यंत ते मान डोलावत होते. नाळ गळून पडते, एक पोर वाढवलंय, हे आलं तेव्हा मान थांबली. मी तसाच पुढे वाचत गेलो आणि "अंग तापलंय" आलं. मिस्त्री म्हणाले, थांब. कुणाचं अंग? जहाजाला कसला ताप? मागून वाच. मी मागून वाचलं. मग म्हणाले, आधीचं पत्र काढ आणि पहिल्या अक्षरापासून वाच, काना सोडलास तर कात्रीने जीभ कापीन.

सूनबाई, ते पत्र मी तेव्हा पुरतं वाचलंच नव्हतं. पहिल्या ओळीत दूध, मग छाती, मग अंगावरचं, असं दिसलं. सुनेने सासऱ्याला लिहिलेलं आणि वाचणारा मी परका पुरुष. मी जन्मभर बायकांची मापं घेत आलो, पण छताकडे बघत घेतो. मला लाज वाटली. डोळे उचलले ते थेट खालच्या नाळेवर ठेवले. आमच्या तोंडी महिनाभर नाळ म्हणजे जहाजाचं टोक, रात्रंदिवस तेच. पोराला पण नाळ असते हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. दोघांची बेंबी जागेवर असून.

मिस्त्रींना वाटलं तुम्ही फळ्यांचं विचारताय. फळ्यांना बरोबर तेच लागतं. त्यांचा दोष नाही. माझा आहे.

तुम्ही "याल का" असं विचारलं होतं, ते पण मी गाळलेल्यातच गेलं. आज ते ऐकलं तसे मिस्त्री उठले आणि भिंत चाचपत दारापर्यंत गेले. म्हणाले, मला स्टँडवर नेऊन सोड. मी डॉक्टरांकडे पळालो. डॉक्टर म्हणाले, टाके कच्चे आहेत, गाडीत धक्का बसला तर डोळा जाईल. मिस्त्री म्हणाले, जाऊ दे एक, दुसरा आहे. मी दाराला आडवा झालो. आता खुर्चीवर बसलेत.

मुंगीचं कळवा. एक शब्द कळवलात तरी पुरे.

शिंपी


६ ऑगस्ट

बाबा आणि शिंपीकाका,

मुंगी आहे.

पहिले दिवस कसे गेले ते नाही लिहीत. पायाच्या पंज्यात सुई टोचून ठेवली होती, एवढीशी पावलं ती. आज सकाळी भुकेने रडली. अशी रडली की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, हिला गिरणीत ठेवा, भोंग्याचं काम करेल. मी तिला उचललं आणि छातीशी धरलं तर ओढायला लागली. गाठी दुखत होत्या तरी मी हू की चू केलं नाही, न जाणो दचकून सोडून देईल.

आल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ओलं फडकं कुणी बांधायला सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही, मीच बांधलं. त्या खूप बोलल्या. नाळ कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची, आपली आपण पडते, एवढं कळत नाही का? मी ऐकून घेतलं. तुमचं नाव घेतलं नाही ते तुम्हाला वाचवायला नाही. मला लाज वाटली सांगायची की माझ्या सासऱ्यांना मुलगी नको होती म्हणून त्यांनी असं सांगितलं. हो बाबा, मला तसंच वाटत होतं. तुम्ही बाकी कशाचं उत्तर दिलं नव्हतं ना. मी खाटेपाशी बसून तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, कारण आता शिंपीकाका सगळं वाचणार.

मग मालकीणबाई तार आणि पत्र घेऊन आल्या. दवाखान्याची पायरी त्यांनी वीस वर्षांत चढली नव्हती म्हणाल्या. मी वाचलं आणि इतकी हसले की नर्स धावत आली. तोवर मी रडायला लागले होते.

हिची नाळ परवा पडली. वाळक्या देठासारखी. शेजारच्या बाईकडे हिला ठेवून घरी कपडे आणायला गेले तर तुमच्या जहाजाचं पण बघितलं. ते कधीच सुकून बसलंय गुपचूप. एक चीर नाही. कुणी लक्षच दिलं नाही, म्हणून असेल.

राग आहे का? आहे. शिंपीकाकांवर जास्त, तुमच्यावर कमी, स्वतःवर सगळ्यात जास्त. आणि तुम्ही यावं असं पण वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू.

टाके सुकले की या. नीट सुकू द्या. ओलं फडकं बांधू नका.

तुमची सून


११ ऑगस्ट

सूनबाई,

शिंप्याने तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटी तर टिंबं पण वाचायला लागला.

मुलीचं तुझ्या मनात आलं त्याचा मला राग नाही. घरात कुणी बोलेनासं झालं की माणूस स्वतःच उत्तरं तयार करतो, आणि ती वाईटच असतात.

जिन्यात बसलीस त्याचं आता सांगतो, तेव्हाच सांगायला हवं होतं. तू वाईट नाहीस. एकटी आहेस. जिन्यात कुणीही बसेल. पाय दुखले की बसतो, जीव दुखला की बसू नये? तू परत वर गेलीस. आणि पट्टी सोडून बघू नको असं सासऱ्याने बजावलं असताना सोडलीस. मी म्हणालो होतो बायकांना झाकण काढून बघायची सवय असते. ती सवय होती म्हणून मुंगी आहे.

डॉक्टरने उजवा डोळा मोकळा केला. डाव्यावर झाकण राहील. धूसर दिसतं, पण बस दिसते. पुढच्या सोमवारी निघतो. संग्रहालयाला कळवलंय, जहाज उशिरा मिळेल. साहेब कुरकुरला. मी म्हटलं, तीनशे वर्षं वाट बघितलीत, आणखी दोन महिन्यांनी काय बुडतं? जहाज तर आधीच बुडलेलं आहे.

एक विचारून ठेवतो. पोर माझ्या हातात देशील का? नाही म्हणालीस तरी येणार आहे. कोपऱ्यात बसून फळ्या घाशीन. पण दारात आल्यावर विचारायला माझी जीभ उचलणार नाही, म्हणून आत्ताच विचारतो.

बाबा


२४ ऑगस्ट

शिंपीकाका,

बाबा पोचले. आल्या आल्या दारातच उभे. मी म्हटलं, आत या की. म्हणाले, आधी हात धुतो. धुतले. पुसले. परत धुतले. साबणाची अर्धी वडी संपवली माझी. मग म्हणाले, जहाज कुठे ठेवलंय? मी म्हटलं, बाबा, जहाज पळून जात नाही, हिला धरा.

त्यांच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. हो लिहिलं तर ते खोटं वाटत होतं आणि नाही लिहिलं तर ते पण. म्हणून विचार न करता हातात देऊन टाकली. त्यांनी तिला परातीसारखी दोन्ही तळव्यांवर धरली. मी म्हटलं, बाबा, पडेल हं. ते म्हणाले, मग घे परत. मी घेतली नाही. मुद्दाम स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिले आणि दूध तापवायला ठेवलं. काका, पाठीला डोळे असते तर किती बरं झालं असतं. माझं सगळं लक्ष कानात. काहीच आवाज नाही. वळून बघते तर बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, पोर मांडीत. म्हणाले, पडलीच तर उंचावरून नको.

दूध उतू गेलं ते गेलंच.

आता रोज जेवण झालं की टेबलाशी बसतो. फळी मी धरते, ते बोटांनी चाचपतात. म्हणतात डोळ्यापेक्षा बोट कमी खोटं बोलतं. तोफांच्या खिडक्या कोरायला सुरुवात केलीय. एकेक खिडकी माझ्या नखाएवढी, आणि त्याला परत झडप, आणि झडपेला बिजागर. मी विचारलं, बाबा, एवढंसं कोण उघडून बघणार आहे? म्हणाले, तू. घासायचं काम ते खोलीत करत नाहीत, भुसा हिच्या नाकात जाईल म्हणून जिन्यात जाऊन बसतात. मालकीणबाई ओरडल्या जिना घाण होतो. बाबांनी त्यांच्या दाराची कुरकुर बंद करून दिली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः पाट घेऊन आल्या, म्हणाल्या खाली गार लागत असेल. तो जिना आता माझ्या वाट्याला येतच नाही, सारखे तेच बसलेले असतात.

एक नियम केलाय. या घरात जहाजाच्या टोकाला टोकच म्हणायचं. बाबा विसरतात आणि दुसरा शब्द तोंडात आला की जीभ चावतात.

यांना मी काही कळवलं नव्हतं. परवा बाबांनी स्वतः पत्र लिहिलं, मोठ्या मोठ्या वाकड्या अक्षरांत. स्वतःला कुठे झाकलं नाही त्यांनी. मी खाली एक ओळ घातली, ओरडायचं असेल तर घरी येऊन ओरडा, पत्रातून ओरडलेलं कुणी वाचणार नाही.

बाबा सांगत होते तुम्ही लोकांची पत्रं वाचणं बंद केलं. खरं आहे का? असं नका करू. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी जायचं कुणाकडे? वाचा, सगळं वाचा, लाज वाटली तर छताकडे बघून वाचा. तुमच्यावरचा राग बराच कमी झालाय. उरलेला फेडायला काम पाठवते. शिडं तुम्ही शिवायची. बाबा मापं लिहून देतायत. कापड पातळ, टाका असा की भिंगाशिवाय दिसू नये. आणि मुंगीला दोन झबली. बटणं पाठीवर नको, टोचतात. नाड्या लावा.

ती भरलीय आता. गालाला हात लागतो. तरी माझी भीती काही गेली नाही काका. शिंकली तरी धडकी भरते. आधी वाटायचं मी एकटीच अशी आहे, पण बाबा तर माझ्यापेक्षा भित्रे निघाले, दर घटकेला वाकून बघतात श्वास चाललाय का. मग आम्ही वाटून घेतलंय. एक दिवस त्यांनी घाबरायचं, एक दिवस मी. आज पाळी त्यांची आहे, म्हणून मला एवढं लांबलचक लिहायला मिळालं.

मुंगीची आई